गप्पी, मॉली, प्लॅटी: पुण्याच्या नळाखाली पिल्लं देणारे मासे कसे पाळावेत

गप्पी हा नवशिक्यांचा मासा आहे असं सांगून विकला जातो. फार काही करावं लागत नाही, कुठल्याही पाण्यात राहतो आणि महिन्याला पिल्लं देतो. यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. बाकीच्यावर विश्वास ठेवून घरी आणलेले मासे पंधरा दिवसांत एकेक करून तळाला जातात, मग दुकानदार म्हणतो पाणी बदला, शेजारी म्हणतात पाणी बदलूच नका.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे चौघं एकाच कुळातले. ते अंडी घालत नाहीत. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि पोहती पिल्लं बाहेर येतात. पुण्यात हे मासे दगावतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, टाकी तयार व्हायच्या आत मासे सोडलेले असतात. दोन, घरात येणारं पाणी त्यांना मानवत नाही. दुसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू. टाकी विकत घ्यायच्याही आधी.

पाणी कुठून येतं ते आधी बघा

गप्पी मूळचा व्हेनेझुएला, गयाना आणि त्रिनिदादकडचा. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. मॉली तर किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातही राहते. या सगळ्यांना क्षार असलेलं, जड पाणी लागतं. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप, 7 ते 8 च्या आसपास आणि जीएच, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप, गप्पी-प्लॅटीला 8 ते 10 अंशांच्या वर, मॉलीला 12 च्या वर असलेलं बरं. एक अंश म्हणजे साधारण 18 पीपीएम, लिटरला 18 मिलिग्रॅम.

आता पुण्याचं बघा. पेठा, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत कॉर्पोरेशनचं पाणी येतं ते खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांमधलं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून वाहत येतो, त्यामुळे त्यात क्षार कमी. साबणाला छान फेस येतो, गीझरच्या कॉइलवर थर कमी बसतो. पिण्याला हे पाणी उत्तम, मॉलीला मात्र पचपचीत. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं, तेही याच जातीचं.

वाघोली, उंड्री, वाकड, हिंजवडीकडच्या सोसायट्यांमध्ये बोअर आणि टँकरचा भरणा असतो. बोअरचं पाणी जड, नळाच्या तोटीला पांढरे थर, केस राठ होतात म्हणून घरात रोज तक्रार. गप्पी आणि मॉली याच पाण्यात जास्त सुखी असतात. घरातल्यांना हे पटवणं अवघड आहे, पण आहे खरं.

दोन गोष्टींनी मात्र फसायला होतं. पहिली म्हणजे सोसायटीचा सॉफ्टनर प्लांट. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजणाऱ्या मीटरवर आकडा जवळपास तेवढाच राहतो, समजा 500, पण जीएच जवळजवळ शून्यावर आलेला असतो. टीडीएस भरपूर दिसतोय म्हणून मॉली आणली आणि ती जागच्या जागी थरथरायला लागली, तर सोसायटीच्या मॅनेजरला विचारा, सॉफ्टनरच्या आधीचा नळ कुठे आहे. बागेला पाणी देण्याचा नळ बहुधा सॉफ्टनरला जोडलेला नसतो.

दुसरी गोष्ट आरओची. शुद्ध पाणी म्हणजे माशांना चांगलं, असं समजून लोक आरओचं पाणी टाकीत भरतात. या माशांसाठी ते सगळ्यात वाईट. कॉर्पोरेशनच्या पाण्यावर आरओ चालत असेल तर उलट त्यातून वाया जाणारं पाणी कामाचं ठरू शकतं, कारण क्षार त्यात एकवटलेले असतात. मात्र नायट्रेटही एकवटतं, ते आधी मोजून घ्या. बोअरवर चालणाऱ्या आरओचं वाया जाणारं पाणी वापरू नका, ते फारच जड होतं.

मोजायला थेंबांचं जीएच-केएच किट घ्या (केएच म्हणजे काय ते पुढे येईल). परीक्षानळीत पाणी घेऊन रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश. टीडीएस मीटरचाही उपयोग आहे, पण वेगळा: पाणी कसं आहे ते तो सांगत नाही, पाणी बदललं का ते सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत कॉर्पोरेशनचं पाणी अपुरं पडलं की सोसायटी टँकर मागवते आणि सोसायटीच्या टाकीतलं हलकं पाणी रातोरात जड होतं. नेहमी 100 दाखवणारा मीटर अचानक 600 दाखवू लागला, तर त्या आठवड्यात पाणी नेहमीच्या निम्मंच बदला, तेही दोन-तीन हप्त्यांत.

हलकं पाणी जड करायचं असेल तर

जीएच 5 च्या खाली असेल तर पाण्यात कॅल्शियम वाढवायला लागेल. पावडरी मिळतात, पण स्वस्त उपाय म्हणजे चुनखडीचे तुकडे: प्रवाळाचा चुरा, स्वच्छ धुतलेले शिंपले, संगमरवराची चुरी, नाहीतर पॉलिश किंवा सिमेंट न लागलेल्या शहाबादी फरशीचा फोडलेला तुकडा. दगड चुनखडीचा आहे का ते घरीच तपासता येतं. दगड कोरडा करा, एखाद्या खिळ्याने थोडा ओरखडा आणि त्या जागी लिंबाचा रस पिळा. बारीक बुडबुडे उठले, कानाजवळ धरल्यावर हलकं चुरचुरल्यासारखं ऐकू आलं, की तो चुनखडीचा. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की चमक जाऊन डाग पडतो, त्यामागेही हेच कारण आहे. आपला नेहमीचा काळा दगड लिंबाला दाद देत नाही. तो टाकीत शोभेला चालेल, पाणी जड करणार नाही.

पन्नास लिटरच्या टाकीला मूठ-दोन मुठी चुरी जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ, जिथे पाणी खेळतं राहील तिथे ठेवा. आठवड्याने मोजा. चुनखडी सावकाश विरघळते आणि पाणी जसजसं अल्कधर्मी होत जातं तसतशी आणखी सावकाश, त्यामुळे हाताबाहेर जाण्याची भीती नाही. खायचा सोडा घालून जीएच वाढत नाही. त्याने केएच वाढतो, म्हणजे पीएच एकदम कोसळू न देण्याची पाण्याची ताकद. पन्नास लिटरला एक छोटा चमचा सोडा साधारण 4 अंश केएच वाढवतो. अगदी हलक्या पाण्यात दोन्हींची गरज पडते.

एवढी खटपट नको असेल तर कॉर्पोरेशनच्या पाण्यावर मॉलीचा हट्ट सोडा आणि इथेच, आपल्याच पाण्यात वाढवलेले गप्पी किंवा प्लॅटी घ्या. ओळखीच्या कोणाच्या टाकीत दोन-तीन पिढ्या झालेले गप्पी दुकानातल्या झगमगीत इम्पोर्टेड गप्पींपेक्षा कितीतरी चिवट असतात. शेपट्या छोट्या असतात, इतकंच.

क्लोरिन आणि गुरुवार

नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. बालदीत भरून चोवीस तास उघडं ठेवलं की ते बहुतांशी उडून जातं, एअर पंपाचा दगड सोडून ठेवला तर त्याहून लवकर. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. दुकानात अँटी-क्लोरिन नावाने मिळतात ते हेच. मात्रा पुडीवर दिलेली असते तेवढीच घाला.

पुण्यात देखभालीच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचा वार बहुधा गुरुवार. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा, कमी दाबाने आणि बऱ्याचदा गढूळ येतं. त्या पाण्याने टाकीचं पाणी बदलायचं नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणात गढूळ पाणी येतं तेव्हाही क्लोरिनचा वास जास्त जाणवतो, तेव्हा हायपो हाताशी असू द्या. माझ्या मते पाणी बदलण्याचा वार मंगळवार किंवा बुधवार ठेवणं सगळ्यात सोयीचं.

बालदीत मुरत ठेवलेलं पाणी पावसाळ्यात जाळीच्या कापडाने झाका. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात आणि महापालिकेचे लोक घरोघरी येऊन डासांची पैदास दिसली की नोटीस देतात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका ज्या माशांना पाण्यात सोडते त्यात गप्पीही आहेत, आणि त्याच गप्पींच्या बालदीपायी नोटीस यायला नको.

टाकी आणि तिच्यातलं सामान

गोल काचेचं भांडं विसरून जा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही टाकी सुरुवातीला योग्य. लांबी, रुंदी, उंची इंचांत गुणून 61 ने भागलं की लिटर मिळतात: 24 गुणिले 12 गुणिले 12, म्हणजे साधारण 56 लिटर. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्षात पंचेचाळीस-पन्नास. काच, वाळू, पाणी धरून सत्तर किलोच्या आसपास वजन होतं, तेव्हा टीपॉयवर किंवा बुटांच्या रॅकवर ठेवू नका. खाली थर्माकोल घाला, जागा सपाट आहे ना ते बघा. पश्चिमेच्या खिडकीपाशी टाकी ठेवली तर मे महिन्यात पाणी तापेल आणि बाराही महिने काचेवर शेवाळ येईल.

फिल्टर स्पंजचा घ्या, एअर पंपावर चालणारा. दिसायला गबाळा असतो, पण पिल्लं त्यात ओढली जात नाहीत आणि स्पंजवर चढलेला जिवाणूंचा थर हाच खरा फिल्टर असतो. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वळवाच्या पावसात लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं, तिथून सॉकेटपर्यंत जातं. काही रुपयांचा तो व्हॉल्व्ह आहे आणि तरीही निम्म्या घरांत तो नसतो.

हीटर लागतो का? डिसेंबर-जानेवारीत लागतो. पुण्याचा पारा रात्री दहाच्या खाली येतो आणि घरातल्या टाकीचं पाणीही वीस अंशांच्या आसपास उतरतं. पन्नास लिटरला 50 वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर, 24-25 अंशांवर लावलेला. पाणी बदलताना आधी हीटर बंद करून थोडा वेळ थांबा. चालू हीटर पाण्याबाहेर उघडा पडला आणि त्यावर गार पाणी आलं की काच तडकते.

झाकण हवंच. स्वोर्डटेल उड्या मारतात आणि सकाळी सोफ्यामागे वाळलेले सापडतात. लाइट दिवसाला सहा ते आठ तास पुरे.

वनस्पती भरपूर लावा: हायड्रिला, वॅलिसनेरिया, जावा मॉस, हॉर्नवर्ट. मुळा-मुठेतून किंवा पाषाण तलावातून झाडं उचलून आणू नका. सांडपाण्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्यांच्यासोबत चतुराच्या अळ्या येतात. त्या पिल्लांची शिकार करतात, आणि पिल्लं कमी का होतायत ते तुम्हाला महिनाभर कळत नाही.

टाकी पिकू द्या

भरलेली टाकी म्हणजे तयार टाकी नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानाने निरुपद्रवी, पाणी बदलून निघून जातं. हे जिवाणू स्पंजवर आणि वाळूत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त.

रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाणं मिळतं. अमोनिया-नायट्राइटच्या वेगळ्या किटने ते आधी वाढताना आणि मग दोन्ही शून्यावर आलेले दिसले की टाकी पिकली. सगळ्यात झटपट उपाय म्हणजे ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मागून आणणं. आपल्या नव्या फिल्टरजवळ तो ठेवला की काम निम्म्यावर येतं. आणताना स्पंज ओला राहिला पाहिजे, पण नळाखाली धुवायचा नाही.

पिल्लं देणाऱ्या माशांच्या बाबतीत घाई करणं जास्त महागात पडतं. त्यांना आवडणाऱ्या अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला की विषारी रूपातल्या अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. उलट अगदी हलक्या पाण्यात केएच संपला की पीएच कोसळतो आणि जिवाणूंचं काम मंदावतं.

दुकानात काय बघायचं

ज्या दिवशी माल येतो त्या दिवशी मासे घेऊ नका. चार-पाच दिवस दुकानात तगलेले मासे घ्या. तुमच्यासमोर मासे खातात का ते बघायला सांगा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात उभा मासा, पोट आत गेलेला, पाठ वाकलेला, जागच्या जागी डुलणारा असा मासा नको, आणि त्या टाकीतला दुसराही नको. शेपटीच्या अलीकडे, गुदद्वाराशी लाल धाग्यासारखं काही लोंबताना दिसलं तर तो कॅमालॅनस नावाचा कृमी असतो. सरळ दुकानाबाहेर पडा.

नर-मादी ओळखणं सोपं. पोटाखालचा मागचा पंख मादीचा पंख्यासारखा त्रिकोणी, नराचा काडीसारखा निमुळता. रंगावरून अंदाज बांधू नका. प्लॅटी आणि मॉलीमध्ये दोघंही रंगीत असतात.

एका नरामागे दोन-तीन माद्या घ्या. नर दिवसभर मादीच्या मागे असतो, आणि एकटी मादी असेल तर ती दमून मरते. दोन फुटी टाकीत दोन नर आणि चार-पाच माद्या गप्पी किंवा प्लॅटी पुरे. स्वोर्डटेलचे नर आपसात भांडतात, त्यांना तीन फूट टाकी बरी, मोठ्या पंखाच्या सेलफिन मॉलीला चार. प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकत्र ठेवले तर त्यांची संकरित पिल्लं होतात, गप्पी आणि त्याचा जवळचा भाऊबंद एन्डलर यांचीही. शुद्ध वाण हवा असेल तर वेगळे ठेवा, नसेल तर बिघडत नाही.

पिल्लांची भानगडच नको असेल तर फक्त नर गप्पी पाळा. सात-आठ नरांची टाकी रंगांनी भरून जाते आणि संख्या वाढत नाही. नुसत्या माद्या पाळून मात्र सुटका होत नाही. मादी नराचं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते आणि नर जवळ नसतानाही एकामागून एक वेतं देत राहते. दुकानातली प्रौढ मादी गाभण आहे असंच धरून चाला.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग दर दहा मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी पिशवीत घाला, तासभर. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. जुनी टाकी असेल तर नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच एकत्र करा.

खाणं

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गप्पीचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, हा अंदाज ठेवला की हात आखडतो. मॉली आणि प्लॅटीला पालेभाजी लागते: स्पिरुलिना या शेवाळाचं खाद्य, उकडून साल काढलेला मटार, वाफवलेलं पालकाचं पान. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. जिवंत ट्युबिफेक्स किडे बऱ्याचदा गटारातून काढलेले असतात, ते घालू नका.

पिल्लं

इथे मात्र सवडीने लिहायला हवं, कारण पिल्लं हीच या माशांची मजा आणि हाच त्यांचा त्रास.

गप्पीच्या मादीला तीन ते चार आठवड्यांनी पिल्लं होतात, मॉलीला महिना-दीड महिना लागतो. दिवस भरत आले की पोट खालून चौकोनी दिसायला लागतं आणि शेपटीकडचा काळसर डाग गडद होतो. फिकट रंगाच्या मादीत त्या डागातून पिल्लांचे डोळे ठिपक्यांसारखे दिसतात. व्यायच्या दिवशी ती खाणं सोडते, झाडांच्या मागे किंवा हीटरजवळ एकटी थांबते. पिल्लू दुमडलेलं बाहेर येतं, क्षणभर तळाकडे जातं, उलगडतं आणि सरळ जवळच्या झाडाकडे पळतं. जेमतेम सहा-सात मिलिमीटरचं, जवळजवळ पारदर्शक, नुसते दोन डोळे. एका वेळी वीस ते पन्नास, मोठ्या मादीला शंभरच्या वर.

मग आई वळते आणि त्यातलं एखादं गिळते. सगळेच गिळतात. हे पाहून घरातल्या मुलांना धक्का बसतो, पण वाईट वाटून घेऊन प्लॅस्टिकच्या पैदास पेटीत मादी कोंडायची घाई करू नका. त्या इवल्याशा डब्यात ती घाबरून पिल्लं अर्धवट दिवसांची टाकू शकते. टाकीत जावा मॉसचा दाट गुच्छ आणि वर तरंगती हायड्रिला असली की प्रत्येक वेतातली काही पिल्लं आपोआप वाचतात. ज्यांना ढीगभर पिल्लं वाढवायची नाहीत त्यांनी एवढंच करावं. मोठे मासे संख्या आटोक्यात ठेवतात.

वाढवायचीच असतील तर पिल्लं वेगळ्या टाकीत न्या, त्याच टाकीचं पाणी आणि स्पंजचा तुकडा घेऊन. पहिल्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा खायला घाला. नेहमीचं खाद्य बोटांच्या चिमटीत चोळून पीठ केलं तरी चालतं, पण वाढ पाहायची असेल तर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची इवली पिल्लं. ती अंड्यांपासून घरीच काढायची. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, त्यात पाव चमचा अंडी, खालून हवेचा जोरदार प्रवाह, पाणी 27 अंशांच्या आसपास. चोवीस तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात, हिवाळ्यात दीड दिवस धरा. हवा बंद करा, खालच्या बाजूला टॉर्च लावा, ते उजेडाकडे गोळा होतात आणि रिकामी टरफलं वर तरंगतात. नळीने खालचे ओढून घ्या, कापडातून गाळा, साध्या पाण्यात खळबळा आणि पिल्लांना घाला. त्यांची पोटं बघता बघता नारिंगी होतात. उकडलेल्या अंड्याचा बलक घालायचा जुना सल्ला आहे; त्याने पाणी इतक्या लवकर नासतं की मी तो कोणाला देत नाही. पिल्लांच्या टाकीचं दहा टक्के पाणी रोज बदला.

महिना-सव्वा महिन्यात गप्पीच्या नर-पिल्लांचा मागचा पंख निमुळता व्हायला लागतो. त्याच आठवड्यात नर आणि माद्या वेगळे करा. एकदा माद्यांनी वीर्य साठवलं की पुढे उपाय नाही, आणि एका जोडीपासून वर्षभरात किती होतात याचा हिशोब दिवाळीपर्यंत बाथरूममधल्या बालद्या सांगतात.

जास्तीचे मासे द्यायची सोय पिल्लं होण्याआधीच करून ठेवा. मित्र, शाळेची प्रयोगशाळा, ओळखीचं दुकान. दुकानं निरोगी मासे खाद्याच्या बदल्यात घेतातही. काही झालं तरी ते मुठेत, पाषाण-कात्रजच्या तलावात किंवा गावाकडच्या विहिरीत सोडू नका. "बिचारे मोकळे राहतील" म्हणून सोडलेले गप्पी सांडपाण्यातही तग धरतात, स्थानिक माशांची पिल्लं आणि अंडी खातात, त्यांची जागा घेतात. सह्याद्रीतल्या ओढ्या-नद्यांत असे कितीतरी छोटे मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. महापालिका डासांसाठी गप्पी सोडते हे कारण पुढे करू नका. कुठल्या पाण्यात काय सोडायचं हे आपण ठरवायचं नसतं.

दर आठवड्याला

पाव टाकी पाणी बदला. सायफन पाइप वाळूत खुपसून गाळ ओढा, काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतात. स्पंज महिन्यातून एकदा, याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरिनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्यापासून पिकवावी लागते. सगळं पाणी काढून टाकी घासून लख्ख करणं हा प्रकार बंद करा.

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाणी 31-32 अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. झाकण उचलून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. बर्फाचे तुकडे नकोत. लाइट गेल्यावर चालणारा सेलवरचा एअर पंप एक घेऊन ठेवा, मे महिन्यात त्याची किंमत वसूल होते.

आजारपण

औषधाआधी किट. अमोनिया, नायट्राइट, जीएच मोजा. मॉली जागच्या जागी डुलत असेल तर निम्म्या वेळा आजार नसतोच, पाणी हलकं किंवा थंड असतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. पाणी हळूहळू 29-30 अंशांपर्यंत वाढवा, हवा वाढवा आणि लिटरला 2 ग्रॅम खडेमीठ, विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. हे मासे मीठ छान सोसतात, झाडं सोसत नाहीत. ठिपके गेल्यावरही आठवडाभर थांबा. अंगावर असताना त्या जंतूवर उपायाचा परिणाम होत नाही, सुटून पाण्यात आल्यावरच होतो.

तोंडाशी किंवा पाठीवर कापसासारखा पांढरट पट्टा दिसला आणि मासे दोन दिवसांत जात असतील तर तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा आजार असू शकतो. इथे पाणी तापवलं तर तो आणखी भडकतो, म्हणून इकचा उपाय डोळे झाकून करू नका. मासा वेगळा काढा, पाणी बदला आणि प्राण्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्या. लाल धाग्यांच्या कृमीवर लेव्हामिसोल हे जंताचं औषध चालतं. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते आणि मधल्या काळात तळ रोज सायफनने साफ करावा लागतो.

गावाला जाताना

मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. निघायच्या आदल्या दिवशी पाणी बदला, लाइटला टायमर लावा आणि निघा. पिल्लं असतील किंवा रजा लांबली असेल तर शेजारच्या काकूंना डबा देऊन जाऊ नका, त्या प्रेमाने मूठभर घालतात. कागदाच्या पुड्या बांधून प्रत्येकीवर तारीख लिहा आणि डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.